अत्त्यानं भाजलेली स्कूटर

आमच्या घराची आठवण काढली की मला आधी आवाज ऐकू येतात. स्वयंपाकघरात अम्माचा ओल्या पिठाचा ग्राइंडर घरघरत असायचा, शेजारच्या अंगणात वीणा बनवणारे आचारी (आमच्याकडे सुताराला आचारी म्हणतात) फणसाचं लाकूड घासत बसायचे, आणि या दोन आवाजांच्या मध्ये अत्त्याचं शिवणयंत्र चालायचं. एखाद्या सकाळी तिन्ही आवाज एकाच वेळी थांबले तर अप्पा पेपरातून मान वर करून विचारायचे, "कोण गेलं?" तंजावुरात आम्ही तीनशे वर्षं राहिलो असं सगळे सांगत, घरात मराठी बोलत होतो, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. पिठलं व्हायचं ते इडलीशी खायला. भांडण मराठीत सुरू व्हायचं आणि रंगात आलं की तमिळमध्ये जायचं. देवनागरी मी चाळिशी उलटल्यावर शिकले. तोवर माझी लिहिण्याची सगळी तालीम तमिळमध्ये झाली, आणि तीही पत्रकांवर. अजून वाक्य पुरं झालं की उद्गारचिन्ह द्यायला माझा हात शिवशिवतो. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ते दिवस असे होते की बाजारात रोज काहीतरी नवं यायचं. कालपर्यंत जिथे धान्याची पोती होती त्या दुकानाच्या काचेत कपडे धुण्याचं यंत्र उभं राहायचं, आणि माणसं बसमधून उतरून त्याच्यापुढे देवासारखी उभी राहायची. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या आल्या. भिंतीवर सिनेमाच्या शेजारी स्कूटरची जाहिरात, हप्त्यांनी घ्या. मी या सगळ्याच्या विरुद्ध होते. रेशनचा तांदूळ महागला त्याच्या विरुद्ध, बाटलीतल्या रंगीत पाण्याच्या विरुद्ध, आणि सगळ्यांत जास्त हुंड्याच्या विरुद्ध. कारण मी डोळ्यांनी बघत होते की दुकानात नवी वस्तू आली की सहा महिन्यांत ती लग्नाच्या सीरात येते. महाराष्ट्रात ज्याला रुखवत म्हणतात त्याचंच आमच्याकडचं भावंड म्हणजे सीर: मुलीच्या घरून ताटंच्या ताटं मांडायची, मध्ये शेंगदाणे-गुळाचे दोन सुळके उभे करायचे. पूर्वी ताटांत फळं, साखर, साड्या असत. मग मिक्सर आला. मग फ्रिज आला आणि त्यालाही लोकांनी हार घातला. आमच्या संघटनेत आम्ही सात मुली होतो. गुलाबी कागदावर पत्रकं छापून लग्नाच्या हॉलबाहेर वाटायचो. लोक ती घ्यायचे आणि त्यांत सुपारी बांधून घरी न्यायचे.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा मी म्हणाले, चला, निदान आमच्या घरात तरी हे होणार नाही. अक्का शाळेत गणित शिकवत होती, सायकलवर जायची-यायची. मुलगा माधव, त्रिचीला सरकारी नोकरीत. बघण्याच्या दिवशी दोघं मागच्या विहिरीजवळ अर्धा तास बोलली आणि अक्का परत आली ती कान लाल करून. तिला तो आवडला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तेव्हा मी ही गोष्ट हिशेबात धरलीच नव्हती.

माधवचे वडील निवृत्त हेडमास्तर. साखरपुड्यानंतर ते एकटेच आले आणि आमच्या झोपाळ्यावर बसून हळूहळू झोके घेत म्हणाले, "आम्हाला काही नको. तुम्ही पोरीला काय घालाल ते तुमच्या हौसेनं. आता सीरात गाडी दिसली की चार लोकांत बरं वाटतं, एवढंच. माधवाचं ऑफिस लांब पडतं."

"बस जाते की तिथे," मी म्हणाले.

"मालू," अप्पा म्हणाले.

"दर दहा मिनिटांनी जाते."

"मालू, आत जा. कॉफी आण."

मी कॉफी आणली. हेडमास्तरांनी ती पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतली, एक थेंब सांडला नाही, आणि पिऊन निघून गेले. अप्पांनी हलता झोपाळा हातानं थांबवला. मग म्हणाले, "ओरत्तनाडूची ती पट्टी विकून टाकू." तेवढीच एक शेताची पट्टी आमच्याकडे उरली होती. वर्षाचा तांदूळ त्यातून यायचा.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं पत्रक, असं मला वाटलं होतं. त्यात आमचंच घर होतं, अप्पांची पट्टी होती, आणि 'आशाळभूत सासू' होती. आमच्या प्रत्येक पत्रकात एक आशाळभूत सासू असायचीच. तिच्याशिवाय मजकूर पुढे सरकत नसे. माधवच्या आईला मी तोवर एकदाच पाहिलं होतं आणि त्या माझ्यासमोर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. तरी त्या आशाळभूत. गठ्ठा छापून आणला आणि माझ्या खाटेखाली ठेवला. लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात उभी राहून मीच वाटणार होते.

खाट झाडताना तो अक्काला सापडला. ती रडली नाही, ओरडली नाही. एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं, गणिताची वही तपासावी तसं. मग म्हणाली, "माझ्या लग्नात लोकांनी मला बघू दे गे. तुला का बघायचं त्यांनी?"

"मी तुझ्यासाठीच करतेय, अक्का!"

"मला विचारलंस?"

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. एकाच खोलीत झोपायचो, एकाच आरशात वेण्या घालायचो, आणि ती माझ्याकडे असं बघायची की जणू तिथे भिंत आहे. मी घरात मोठ्यानं म्हणत होते की मला फरक पडत नाही. फरक पडत होता. ती लग्न होऊन अशीच निघून गेली तर मग आयुष्यभर काय, या विचारानं माझं जेवण तुटलं होतं.

अत्त्या ही अप्पांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूल नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिथल्या स्टेल्ला टीचरकडून ती नाताळचा केक शिकली होती आणि मग त्यातून अंडं काढून टाकून तिनं स्वतःचा केक तयार केला: डब्यातलं आटवलेलं दूध, आंबट दही, सोडा. ओव्हन नव्हता. रुंद लोखंडी कढईत वाळू तापवायची, त्यात डबा, वर झाकण, झाकणावर निखारे. वाढदिवसाला ती ससा करायची, बदक करायची, एकदा शेजारच्या आचाऱ्यांच्या नातवासाठी हत्ती केला होता आणि त्यानं सोंड कापू दिली नाही म्हणून पार्टी मोडली.

एका दुपारी ती यंत्रावरून उठली आणि अप्पांना म्हणाली, "पट्टी विकायची नाही. गाडी मी करते."

"तू करतेस म्हणजे?"

"केकची. सीरात मधोमध ठेवू."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "आणि हेडमास्तर उठून गेले तर?"

"गेले तर केक उरेल. आपण खाऊ."

"सरोजा, पोरीचं लग्न आहे हे."

"म्हणून तर. गाडी दिली तर पुढच्या दिवाळीला काय मागतील ते मला आत्ता सांग, तेही करून ठेवते."

अप्पा उठले, अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. त्यांनी हो म्हटलं नाही. पण जमिनीच्या दलालाला सांगून पाठवलं की या महिन्यात नको. आमच्या घरात याचा अर्थ हो असाच व्हायचा. अम्मानं फक्त एवढं म्हटलं, "साखर लागेल तेवढी घे. पण माझी पुरणाची कढई देणार नाही."

मी आनंदानं वेडी झाले. माझ्या डोक्यात तो केक नव्हता, निषेध होता! मी अत्त्याला म्हणाले की दोन्ही बाजूंना साखरेनं घोषणा लिहू. अत्त्या म्हणाली, "लिहू की. आधी टेप धर." गल्लीच्या तोंडाशी एका वकिलांची आकाशी स्कूटर उभी असायची. आम्ही तिचं माप घ्यायला गेलो: शिवणाची टेप, वही, पेन्सिल. अत्त्यानं छाती, कंबर, उंची अशा क्रमानं मापं घेतली. तिला दुसरा क्रम येतच नव्हता. वकील बाहेर येऊन म्हणाले, "काय मामी, गाडीला ब्लाउज शिवताय काय?" ती म्हणाली, "अस्तर लावून." मापं अर्धी केली. पुठ्ठ्याचे तुकडे कापले. स्कूटर शेळीएवढी व्हायची होती.

तीन दिवस मी तिच्या हाताखाली राबले. तिच्याकडून मी जे शिकले ते मला पुढे कुठल्याच शिबिरात कुणी शिकवलं नाही. पहिल्या दिवशी मी गरम केकला सुरी लावली आणि निम्मा ठोकळा माझ्या हातात भुगा होऊन आला. "थंड होऊ दे गे," ती म्हणाली. "भुगा चिकटवून गाडी होत नाही." मी म्हणाले, वेळ कुठाय? ती म्हणाली, "मग जा, पत्रक वाट." मी बसले. उभा राहणारा पुढचा भाग ही मोठी अडचण होती. केक बसतो, झोपतो, पण उभा राहत नाही. शेवटी अत्त्यानं उसाचं जाड कांडं सोलून आत घातलं आणि त्याच्याभोवती तुकडे रचले. लोण्याचं आइसिंग आमच्या उकाड्यात तासभर टिकायचं नाही, म्हणून काजू भिजवून, वाटून, पाकात घोटून त्याची कणीक केली, आकाशी रंग मळला आणि केळीच्या पानाला तूप लावून त्यावर पोळीसारखी लाटली. ती पोळी अलगद उचलून स्कूटरच्या अंगावर टाकायची आणि तळहातानं दाबत दाबत प्रत्येक वळणावर बसवायची. अत्त्या ते बाहीला चुण्या घालाव्यात तसं करायची. मुरुक्कूच्या, म्हणजे चकलीच्या, जाड दांड्यांच्या मुठी. दिव्याच्या जागी पालकोव्याचा, म्हणजे दुधाच्या खव्याचा, गोल पेढा. टायरला काळा रंग हवा म्हणून मी हुशारीनं काळे तीळ भाजून आणले. अत्त्यानं परात बघितली आणि कपाळावर हात मारला. "अय्यो, मालू! लग्न आहे की श्राद्ध? पूर्वजांना फिरायला पाठवायचंय स्कूटरवर?" तीळ अम्मानं मागच्या मागे कावळ्यांना टाकले. टायर कोकोचे केले.

घोषणेची वेळ आली तेव्हा गाडी पूर्ण झाली होती. दोन आसनं, पुढचं आणि मागचं, टाक्यांच्या खुणांसकट. मी टोक कापलेली साखरेची पुडी हातात घेऊन तिच्यापुढे उभी राहिले आणि काय लिहावं ते मला कळेना. इतकं चांगलं काही मी त्याआधी कधीच केलं नव्हतं. अत्त्या शेजारी उभी होती. शेवटी नंबराच्या पट्टीवर मी तमिळमध्ये अक्काचं आणि माधवचं नाव, 'सुमती – माधव', लिहिलं आणि पुडी खाली ठेवली. 'हं,' एवढंच ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली. पत्रकांचा गठ्ठा मात्र मी पिशवीत घातलाच होता. तेवढी मी बदलले नव्हते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वरपक्ष यायच्या आधी आम्ही सीर मांडला. गाडी जमिनीवर, पाटावर, गळ्यात मोगऱ्याचा बारीक हार. हॉलमध्ये व्होल्टेज इतकं कमी होतं की दिवे पिवळे दिसत होते, आणि त्या उजेडात गाडी लांबून खरीच वाटत होती. वरपक्ष आला, पाय धुणं झालं, गुळाचं पाणी झालं. आणि मग जे झालं ते आमच्या गावातच होऊ शकतं. वरपक्षाबरोबर त्यांचे म्हातारे शास्त्री होते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला. त्यांना हेडमास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सीरात नवीन गाडी आहे, पूजा करायची. तंजावुरात नवी गाडी पूजेशिवाय एक वीत हलत नाही. शास्त्री दोन लिंबं, कुंकू, कापूर, सगळं घेऊनच आले होते. ते सरळ गाडीपाशी गेले, वाकले, आणि म्हणाले, "आजकाल गाड्या लहानच काढतात."

मी पुढे झाले. अत्त्यानं माझं मनगट धरलं. "मंत्र सुरू झाले. आता बोलायचं नाही."

त्यांनी पेढ्याच्या दिव्याला गंध लावलं, कुंकू लावलं. मुठीवर फूल ठेवलं. दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू सरकवलं. कापूर ओवाळला. वरपक्षाच्या बायका हात जोडून उभ्या, हेडमास्तर डोळे मिटून. मग शास्त्री म्हणाले, "हां, आता कुणीतरी पुढे घ्या. लिंबं चिरडू देत." कुणी हललं नाही. "कोण चालवणार?" कुणीच नाही. ते जरा चिडले, म्हणाले, "पोदुम, पुरे, मीच ढकलतो," आणि त्यांनी मागच्या आसनावर हात ठेवून जोर लावला. चार बोटं आत गेली.

शास्त्रींनी हात बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. मग एक बोट तोंडात घातलं.

"गोड आहे," ते म्हणाले.

हेडमास्तरांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्याचा रंग मला आजही दिसतो. ते अप्पांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "ही थट्टा आहे?" अप्पांनी खांबाला हात टेकला. माधव वडिलांच्या मागेच उभा होता, आणि गप्प होता. वडिलांनी गाडी मागितल्याचं त्याला माहीत होतं, हे त्याच्या मान खाली घालण्यातच दिसलं. पुढे तो चांगला नवरा झाला, चांगला माणूस झाला, पण त्या क्षणी तो गप्प होता, आणि ते मी त्याला आजही जेवणाच्या पानावर ऐकवते. माझा हात पिशवीत गेला; अत्त्यानं मनगट सोडलं नव्हतं. आता उभं राहून मोठ्यानं बोलायचं, एवढंच माझ्या डोक्यात. आणि समोरच्या खोलीच्या दारात अक्का येऊन उभी होती, नऊवारीत, केसांत फुलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती गाडीकडे बघत नव्हती. माझ्या पिशवीकडे बघत होती.

तेव्हा माधवची आई पुढे आली. जानकीबाई. ज्यांना मी न ऐकता, न विचारता आशाळभूत ठरवलं होतं त्या. त्या गाडीसमोर खाली बसल्या, बोटानं तिची कड चाचपली आणि अत्त्याला विचारलं, "अंडं आहे का गे?"

"नाही. दही आहे."

"आणि हे वरचं?"

"काजू."

"सुरी द्या."

"जानकी," हेडमास्तर म्हणाले.

"पूजा झाली ना? मग हा प्रसाद झाला. शास्त्री, प्रसाद नाही म्हणता येतो का?"

"येत नाही," शास्त्री म्हणाले. ते दुसरं बोट चाटत होते.

जानकीबाईंनी मुठीपासून कापायला सुरुवात केली. कापता कापता, कुणाकडे न बघता, अगदी भाजी निवडताना बोलावं तसं त्या बोलल्या. "माझ्या लग्नात ह्यांच्या घरच्यांनी सायकल मागितली होती. माझ्या बापानं दिली. हिरवी होती. चाळीस वर्षं झाली, त्या सायकलीवर मी एकदाही बसले नाही." मग पुढच्या चाकाचा मोठा तुकडा पानावर ठेवून त्या उठल्या आणि नवऱ्यापुढे धरला. "घ्या. गाडी आली."

हेडमास्तरांनी पानाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग त्यांनी दोन बोटांनी तुकडा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला. पहिल्यांदा कोण हसलं? मला वाटतं शास्त्री. मग वरपक्षाच्या बायका, मग वकीलमामा तिकडून ओरडले, "माझ्या गाडीचं ब्लाउज मलाही द्या!" आणि मग सगळा हॉल. अप्पा खांबाला टेकून खाली बसले आणि धोतराच्या टोकानं डोळे पुसू लागले. अम्मा त्यांना म्हणत होती, "रडता कशाला, पान घ्या हातात." बेकरीचं काही न खाणारे सोवळे म्हातारेसुद्धा प्रसाद म्हणून ओळीत उभे राहिले.

आज मी हे लिहिते ते मुळात अत्त्यासाठी. ती गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्याकडे नंतर लोक मोटारींच्या केकची मागणी घेऊन यायचे, हौस म्हणून, आणि ती परत पाठवायची. ससा हवा तर सांगा, म्हणायची. आणि लिहिते जानकीबाईंसाठी. माझ्या एका गुलाबी कागदानं त्यांच्यावर जो अन्याय केला होता तो वाटला गेला नाही, ही माझी हुशारी नव्हती. माझं मनगट वेळेवर कुणीतरी धरलं होतं. त्यानंतरच्या एकाही पत्रकात मी सासू घातली नाही. आधी जाऊन विचारायला लागले. काम मंद झालं, पण लोक सुपारी बांधायच्या आधी वाचायला लागले.

त्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी एका पानात मागच्या आसनाचा उरलेला तुकडा घेऊन अक्काच्या खोलीत गेले. शास्त्रींच्या बोटांची भोकं नसलेली बाजू मी मुद्दाम निवडली होती. ती खुर्चीवर बसली होती, मेंदीचे हात वर धरून. तुकडा तिच्या तोंडाजवळ नेला. तिनं माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितल्यासारखं नाही, माझ्याकडे. तोंड उघडलं. सावकाश चावून खाल्लं.

"हे कुठलं?" तिनं विचारलं. अकरा दिवसांनी.

"मागची सीट."

"पुढची ठेवायची होतीस गे," अक्का म्हणाली. "चालवणार मी आहे."